प्रादेशिक आराखड्यातलं रोजगाराचं प्रकरण: आकडा कसा काढायचा आणि तो कुठे फसतो

सीमारेषा (धागाकर्ता)

प्रादेशिक आराखड्यांत रस्ते, पाणी आणि जमीनवापर यांची प्रकरणं भरगच्च असतात. रोजगाराचं प्रकरण मात्र दोन पानांत उरकलेलं असतं. 'या पट्ट्यात वीस वर्षांत अमुक लाख रोजगार निर्माण होतील' असं एक वाक्य आणि खाली एक तक्ता. तो आकडा कसा आला, त्यातले किती रोजगार त्याच भागातल्या लोकांना मिळणार, किती रोजगार शेजारच्या भागातून उचलून आणलेले असणार, हे कुठेच सापडत नाही. माझ्या लेखी आराखड्यातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण हेच आहे, म्हणून हा धागा. पद्धतीपासून सुरुवात करतो, चुकेल तिथे दुरुस्त करा.

पहिलं काम हद्द ठरवण्याचं. रोजगारासाठी प्रशासकीय हद्द उपयोगाची नाही; रोजची ये-जा जिथवर पसरते तिथवर रोजगाराचा बाजार. ब्रिटनमध्ये यासाठी 'ट्रॅव्हल टू वर्क एरिया' आखतात. कसोटी दुहेरी आहे. त्या भागात राहणाऱ्या कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के तिथेच कामाला जात असले पाहिजेत, आणि तिथे काम करणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के तिथलेच रहिवासी असले पाहिजेत. कामकऱ्यांची संख्या किमान ३,५००. ही संख्या २५,००० च्या वर गेली की कसोटी दोन तृतीयांशापर्यंत सैल होते. ओईसीडी ही विकसित देशांची आर्थिक संघटना दुसऱ्या टोकाकडून येते. आधी दाट वस्तीचं शहर धरायचं, आणि आसपासच्या ज्या गावांतले किमान १५ टक्के कामकरी त्या शहरात जातात ती गावं त्याला जोडायची. कुठलीही पद्धत घ्या, पण हद्द आधी ठरवा आणि मग आकड्यांना हात घाला. हद्द चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं.

दुसरं काम, या भागाचं पोट कशावर भरतं ते शोधणं. त्यासाठी लोकेशन कोशंट, म्हणजे एखाद्या उद्योगाचं भागातल्या रोजगारातलं प्रमाण भागिले देशातलं प्रमाण. समजा भागात एकूण २,००,००० रोजगार आहेत आणि त्यातले १२,००० कापड उद्योगात, म्हणजे ६ टक्के. देशात हेच प्रमाण २ टक्के आहे. ६ भागिले २ म्हणजे कोशंट ३. देशाच्या प्रमाणात इथे ४,०००च लोक कापडात हवे होते. वरचे ८,००० बाहेरच्या मागणीवर जगतात असं धरायचं. सगळ्या उद्योगांचे असे वरचे आकडे मिळवले की त्या भागाचा 'आधार रोजगार' मिळतो. दुकानं, शाळा, दुरुस्ती, स्थानिक वाहतूक हा उरलेला रोजगार त्यावर उभा असतो.

आकडेमोड

धागा हवाच होता. दोन गोष्टी जोडतो.

कोशंट उद्योगांच्या ढोबळ वर्गवारीवर काढला तर खोटा दिलासा देतो. 'यंत्रसामग्री' या एकाच वर्गात पंप बनवणारेही येतात आणि पंपांची जुळणी करून देणारेही. उद्योगांच्या दोन अंकी (ढोबळ) वर्गवारीत कोशंट १.१ दिसतो, चार अंकी (बारीक) वर्गवारीत तोच एका ठिकाणी ५ आणि दुसऱ्या ठिकाणी ०.२ निघतो. शिवाय मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर नोंदलेले कामगार प्रत्यक्षात दुसऱ्याच भागातल्या कारखान्यात असतात. आस्थापनानिहाय नोंद मागा, कंपनीनिहाय घेऊ नका.

दुसरं, कोशंट हे एका क्षणाचं छायाचित्र आहे. भाग सुधारतोय की घसरतोय हे कळायला शिफ्ट-शेअर लागतं, म्हणजे रोजगारातल्या बदलाची देश, उद्योग आणि स्थानिक अशी फोड. वरचंच उदाहरण पुढे नेतो. पाच वर्षांत कापडातले १२,००० रोजगार १०,८०० वर आले, म्हणजे १० टक्के घट. त्याच काळात देशातला एकूण रोजगार ८ टक्के वाढला आणि देशातला कापड उद्योगातला रोजगार १५ टक्के घटला. आता तीन तुकडे करा:

देशाची एकूण वाढ: १२,००० च्या ८ टक्के, म्हणजे अधिक ९६०
उद्योगाचं आपलं दुखणं: १२,००० च्या उणे २३ टक्के (उणे १५ वजा ८), म्हणजे उणे २,७६०
स्थानिक वाटा: १२,००० च्या ५ टक्के (उणे १० वजा उणे १५), म्हणजे अधिक ६००

बेरीज उणे १,२००, म्हणजे प्रत्यक्ष घटीइतकीच. नुसता उणे १,२०० बघणारा म्हणेल, हा उद्योग गेला, जमीन दुसऱ्याला द्या. स्थानिक वाटा मात्र अधिक आहे: उद्योग सगळीकडे आटतोय आणि हा भाग इतरांपेक्षा तग धरून आहे. तिथे काहीतरी आहे, कौशल्य म्हणा, पुरवठादार म्हणा, बाजाराशी असलेलं नातं म्हणा. ते काय आहे हे शिफ्ट-शेअर सांगत नाही, त्यासाठी कारखान्यांत जाऊन विचारावं लागतं. पण कुठे जाऊन विचारायचं ते नक्की सांगतं.

भूवापर

आकडा जमिनीवर उतरवताना होणारी चूक सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येक आराखड्यात असते. १०० हेक्टर औद्योगिक क्षेत्र दाखवायचं आणि हेक्टरी अमुक कामगार असं गुणून टाकायचं.

१०० हेक्टरांतून रस्ते, मोकळी जागा, वीज उपकेंद्र, सांडपाणी प्रक्रिया, वाहनतळ वजा केले की भूखंडांसाठी ६० ते ६५ हेक्टर उरतात. ६२ धरू. औद्योगिक भूखंडावर साधारण ४० टक्के इतकंच बांधकाम क्षेत्र होतं, म्हणजे २,४८,००० चौरस मीटर. आता त्यात काय येणार यावर सगळं अवलंबून. ब्रिटनच्या २०१५ च्या रोजगार-घनता मार्गदर्शिकेत उत्पादनाला एका कामगारामागे ३६ चौरस मीटर धरतात, प्रादेशिक वितरण गोदामाला ७७ आणि राष्ट्रीय वितरण गोदामाला ९५. त्याच जमिनीवर उत्पादन आलं तर सुमारे ६,९०० रोजगार, प्रादेशिक गोदामं आली तर ३,२०० आणि राष्ट्रीय गोदामं आली तर २,६००. हे सगळं भूखंड पूर्ण भरलेले धरून. महामार्गाच्या फाट्यावरची सपाट जमीन उत्पादनासाठी राखली तरी तिथे आधी गोदामवालाच येतो, कारण जास्त भाव तोच देऊ शकतो. नियमावलीत गोदामाला वेगळी वापरश्रेणी आणि वेगळी मर्यादा नसेल, तर तुमचा रोजगाराचा आकडा निम्म्याहून खाली येणार हे धरून चाला.

भूखंडांचे आकारही बघा. सगळे दोन-दोन हेक्टरांचे पाडले तर लहान कारखानदार आत येऊच शकत नाही. ५०० ते १,००० चौरस मीटरचे भूखंड आणि भाड्याचे तयार गाळे नसतील तर ती वसाहत फक्त बाहेरून येणाऱ्या मोठ्या कंपन्यांची होते.

ओंजळ

सगळं वाचतोय. एक मूलभूत शंका. मागास भागात एक मोठा कारखाना आणून बसवला तर त्याच्याभोवती लहान उद्योग आपोआप येत नाहीत का? 'विकास केंद्र' म्हणतात ते हेच ना?

खोरे

@ओंजळ, शंका अगदी मर्मावरची आहे आणि या गैरसमजाची किंमत अनेक देशांनी मोजली आहे.

'विकास ध्रुवा'ची कल्पना फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रांस्वा पेरू यांची, १९५५ ची. त्यांचा ध्रुव नकाशावरचं ठिकाण नव्हता. तो उद्योगांच्या देवाणघेवाणीच्या जाळ्यातला ओढ लावणारा उद्योग होता. पोलाद कारखाना वाढला की खाणी, यंत्रं, वाहतूक वाढते, हे बरोबर. पण ती खाण आणि ते यंत्र हजार किलोमीटरवर असू शकतं. पुढे नियोजनकारांनी त्या ध्रुवाचा नकाशावर ठिपका केला आणि ओढ त्या ठिपक्याभोवतीच राहील असं गृहीत धरलं.

दक्षिण इटलीत ते प्रत्यक्ष दिसलं. १९५० मध्ये 'कास्सा पेर इल मेत्सोजोर्नो' हा निधी स्थापन झाला. १९५७ च्या कायद्याने सरकारी मालकीच्या उद्योगांना नव्या गुंतवणुकीतली ६० टक्के आणि एकूण गुंतवणुकीतली ४० टक्के दक्षिणेत करायला लावली. दक्षिणेतल्या तारांतोचा पोलाद कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. पोलाद तयार व्हायचं तिथे, पण त्यापासून मोटारी आणि यंत्रं बनायची मुख्यतः उत्तरेत. अशा प्रकल्पांना इटलीत 'वाळवंटातली कॅथेड्रलं' हे नावच पडलं. काही हजारांना पक्की नोकरी लागली हे खरं आणि त्याला कमी लेखू नये. पण तिथलं शेतीचं अवजार, तिथली दुरुस्ती, तिथला लहान कारखाना त्या पोलादाशी जोडला गेला नाही.

उलट उत्तर इटलीच्या एमिलिया-रोमान्यातलं सास्सुओलो बघा. तिथे फरशीचे अनेक कारखाने, त्यांना रंग आणि झिलई पुरवणारे, भट्ट्या आणि यंत्रं बनवणारे, सगळे एकमेकांच्या अंगणात. एक कारखाना बंद पडला तरी त्याचा कारागीर आठवड्यात दुसरीकडे लागतो. असं जाळं सरकारी हुकमाने उभं राहत नाही, पण त्याला काय लागतं ते माहीत आहे: सामायिक चाचणी प्रयोगशाळा, कच्च्या मालाची एकत्र खरेदी, त्याच उद्योगाचं प्रशिक्षण आणि लहान भूखंड.

म्हणून मोठा कारखाना येतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: याच्या खरेदीतला किती वाटा ५० किलोमीटरच्या आतून घेता येईल? सुटे भाग, पॅकिंग, साचे, देखभाल, उपाहारगृह, वाहतूक अशी खरेदीची यादी मागवा आणि एकेका ओळीसमोर इथला पुरवठादार आहे का, कोणत्या दर्जाचं प्रमाणपत्र लागतं, ते मिळवायला किती महिने लागतात हे लिहा. यादीतल्या बहुतेक ओळी रिकाम्या राहिल्या तर गुणक (एका नव्या रोजगारामागे भागात एकूण किती रोजगार होतात तो आकडा) ३ किंवा ४ धरू नका. लहान भागात पैसा लवकर बाहेर झिरपतो, १.२ किंवा १.३ देखील भरपूर आहे.

मोजपट्टी

गुणकाचा विषय निघालाच आहे तर अनुदानाचा हिशेबही मांडू. 'इतके कोटी दिले, १,००० रोजगार आले' हा हिशेब अर्धवट आहे. नमुन्यादाखल:

समजा १,००० पैकी ४० टक्के रोजगार अनुदान नसतं तरी आलेच असते. उरले ६००. त्यातले २० टक्के भागाबाहेरून येणाऱ्यांना गेले. उरले ४८०. नव्या कारखान्याने आधीच्या स्थानिक कारखान्यांची गिऱ्हाइकं किंवा कामगार ओढले, ते २५ टक्के. उरले ३६०. यावर १.३ गुणक लावा, ४६८. एका रोजगारामागचा खर्च काढताना भागाकार ४६८ ने करायचा. टक्के दर ठिकाणी वेगळे येतील, पण पायऱ्या याच आणि एकही गाळायची नाही.

दुसरी मेख अनुदान कशावर देता यात आहे. यंत्रांच्या किमतीवर भांडवली अनुदान दिलं की यंत्र स्वस्त होतं आणि माणूस तुलनेने महाग. बेकारी हटवण्यासाठी दिलेला पैसा कमी माणसं लागणारा कारखाना घेऊन येतो. ब्रिटनने यावर उपाय म्हणून १९६७ मध्ये मागास भागांतल्या कारखान्यांना दर कामगारामागे रक्कम देणारा 'रीजनल एम्प्लॉयमेंट प्रीमियम' आणला, तो १९७७ मध्ये बंद झाला. त्याचा दोष असा की नवा आणि जुना असा भेद न करता सर्व कामगारांवर रक्कम जायची, म्हणजे 'नसतं तरी झालंच असतं' हा वाटा प्रचंड. मला मधला मार्ग योग्य वाटतो: अनुदान फक्त निव्वळ नव्या रोजगारावर, पाच वर्षांत घटत जाणारं, आणि त्यातला काही हिस्सा प्रशिक्षणासाठीच बांधलेला.

करारात परतफेडीचं कलम (कंपनी मुदतीआधी गेली तर अनुदान परत) हवं आणि त्याची मुदत इमारतीच्या नाही, यंत्राच्या आयुष्याला धरून. नोकियाने जर्मनीतल्या बोखुमचा मोबाइलचा कारखाना २००८ मध्ये बंद करून काम रोमानियात क्लुझजवळ नेलं आणि तो नवा कारखानाही २०११ मध्ये बंद केला. जोडणीचं काम हलकं असतं, यंत्रं उचलून नेता येतात. अशा उद्योगाला पंधरा वर्षांचं गृहीत धरून रस्ता, पाणी आणि घरं बांधून देणं धोक्याचं आहे.

मध्यबिंदू

माझा थोडा वेगळा सूर. सगळी चर्चा मागास भागात काय आणायचं यावर चाललीय. गर्दीच्या केंद्रातून काय काढायचं किंवा तिथे काय थांबवायचं हा अर्धा प्रश्न राहतो.

हा विचार जुना आहे. ब्रिटनच्या बार्लो आयोगाने १९४० च्या अहवालात लंडनकडे होणारी उद्योगांची आणि लोकसंख्येची ओढ हा राष्ट्रीय प्रश्न मानला. १९४७ च्या कायद्याने ५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या कारखान्याला औद्योगिक विकास प्रमाणपत्र लागू झालं. गर्दीच्या भागात ते नाकारता येत असे. दक्षिण कोरियाने सोलच्या राजधानी क्षेत्रासाठी १९८२ मध्ये नियंत्रणाचा कायदा केला. केंद्र मोकळं सोडलं तर बाकीच्यांना तुम्ही कितीही अनुदान दिलं तरी ते भोकं पडलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखं आहे.

आकडेमोड

@मध्यबिंदू, दोन्ही उदाहरणांची दुसरी बाजूही मांडायला हवी. बर्मिंगहॅम त्या काळी भरभराटीत होतं, म्हणून तिथेही प्रमाणपत्रं रोखली गेली आणि १९६५ पासून नव्या कार्यालयांवरही निर्बंध आले. शहर मोटारी आणि धातुकामावर विसंबून राहिलं, नवे उद्योग आणि सेवा यायच्या वेळी दार बंद होतं. पुढे मोटार उद्योग कोसळला तेव्हा सावरायला दुसरं काही नव्हतं. आजचं भरलेलं शहर वीस वर्षांनी भरलेलंच असेल असं गृहीत धरून बंदी घालायची नसते.

कोरियाने २०१२ पासून मंत्रालयं सेजोंग या नव्या शहरात हलवली. उद्देश सोलचा भार हलका करण्याचा होता, पण नव्या शहरात राहायला आलेल्यांत शेजारच्या देजॉनचे लोक मोठ्या संख्येने होते. म्हणजे मोजपट्टी म्हणतात ती 'ओढलेली गिऱ्हाइकं' इथे माणसांच्याच रूपात दिसतात.

मध्यबिंदू

बर्मिंगहॅमचा मुद्दा मान्य. पण त्यातून निघतं ते एवढंच की सरसकट बंदी नको. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या बांधकामाने तिथल्या पाण्याचा, वाहतुकीचा आणि घरांचा खरा खर्च भरावा, इतकं तरी व्हायला हवं. आज तो खर्च सगळ्या देशाच्या करातून भरला जातो, म्हणून केंद्र स्वस्त दिसतं. यावर मी ठाम आहे.

खोरे

खर्च भरावा, याला माझी सहमती. रस्त्यांबद्दलही असाच सावध इशारा. मागास भागाला वेगवान रस्ता किंवा पूल दिला की विकास आलाच असं धरतात. जपानी लोक याला 'नळीचा परिणाम' म्हणतात: नळीच्या दोन टोकांपैकी जास्त ताकदीचं टोक शोषून घेतं. आकाशी-काइक्यो पूल १९९८ मध्ये खुला झाला आणि शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाची खरेदी कोबे-ओसाका या मोठ्या शहरांकडे वळली. रस्ता नको असं अजिबात नाही. पण मोठ्या शहराला जोडणाऱ्या रस्त्याआधी किंवा निदान सोबत, भागातली लहान गावं आणि त्यांचं मधलं शहर एकमेकांना जोडणारे रस्ते आणि बस पूर्ण व्हायला हव्यात. क्रम उलटा झाला की मधलं शहर सर्वांत आधी मरतं.

तिफण

संतुलित रोजगार म्हणजे नेमकं कशाचं संतुलन, हे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दरडोई उत्पन्नाने (म्हणजे दरडोई जीडीपीने) भाग मागास की पुढारलेला हे ठरवण्याची रीत आहे. युरोपीय संघात २०२१–२७ साठी सरासरीच्या ७५ टक्क्यांखालचे प्रदेश 'कमी विकसित', ७५ ते १०० मधले 'संक्रमणातले' आणि त्यावरचे 'अधिक विकसित'. पण हे उत्पन्न कामाच्या ठिकाणी मोजतात आणि भागतात राहणाऱ्या लोकसंख्येने. लक्झेंबर्गमध्ये जवळपास निम्मे पगारदार सीमेपलीकडून रोज येतात; उत्पादन तिकडे मोजलं जातं, माणसं दुसरीकडे. तुमच्या भागात एक वीज प्रकल्प किंवा खाण असेल तर दरडोई उत्पन्न फुगलेलं दिसेल आणि गावं रिकामी होत असतील.

त्याऐवजी घर आणि काम यांचं नातं मोजा. दर कुटुंबामागे रोजगार १ ते १.५ असा ठोकताळा वापरतात, तो ठीक आहे, पण अपुरा. गुणोत्तर १.३ असू शकतं आणि तरी सगळे रोजगार अभियंत्यांचे आणि सगळी घरं शेतमजुरांची. म्हणून कौशल्याच्या पायरीप्रमाणे वेगळं गुणोत्तर काढा. आणि स्त्री-पुरुष वेगळं काढा, हे मी आग्रहाने सांगते. खाण आणि पोलादाच्या पट्ट्यांत पुरुषांचा पगार चांगला असतो आणि बायकांना कामच नसतं, एकूण सरासरीत ते दिसत नाही. घरकाम आणि मुलं बहुतेक बायकांच्याच अंगावर असल्याने त्यांचा कामाला जाण्याचा परीघ लहान असतो. पुरुषांसाठी ४५ मिनिटांचं वर्तुळ काढलंत तर बायकांसाठी २५ मिनिटांचंही काढा, तेही बस आणि चालणं धरून. कित्येक गावं दुसऱ्या वर्तुळातून बाहेर पडतात.

मोजपट्टी

@तिफण, वर्तुळांची सूचना फारच उपयोगाची. एक धोका फक्त नोंदवतो: इतक्या लहान तुकड्यांसाठी सर्वेक्षणाचे आकडे पुरत नाहीत. ४०० जणांच्या नमुन्यात बेकारी ६ टक्के आली तर खरा आकडा साधारण ३.७ ते ८.३ मध्ये कुठेही असू शकतो, आणि नमुना गावागावांच्या गुच्छांनी घेतला असेल तर त्याहून रुंद पट्ट्यात. दरवर्षी '६ वरून ७ झाली' असं म्हणून धोरण बदलू नका. तीन वर्षांचे नमुने एकत्र करा किंवा शेजारची समान गावं एकत्र घ्या. आस्थापनांच्या नोंदीत घरबसल्या काम करणारे आणि नोंद नसलेले येत नाहीत, ते घरोघरच्या सर्वेक्षणातूनच घ्यावे लागतात.

सीमारेषा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. यातून रोजगाराच्या प्रकरणाचा मुख्य तक्ता असा बदलतो: एका ओळीत एक प्रस्तावित क्षेत्र, आणि समोर निव्वळ जमीन, वापरश्रेणी, प्रति कामगार चौरस मीटर, वजावटीनंतरचे रोजगार, कौशल्याची पायरी, ५० किलोमीटरमधली संभाव्य खरेदी, ४५ आणि २५ मिनिटांच्या वर्तुळातले काम शोधणारे पुरुष आणि स्त्रिया. शिवाय पाणी आणि वीज कोणत्या वर्षी पोचणार ते वर्ष, कारण प्रशिक्षणाची पहिली तुकडी त्याच्या आधी दीड-दोन वर्षं सुरू करायची. तुकडी आधी बाहेर पडली तर मुलं शहराकडे जातात आणि परत येत नाहीत. उशीर झाला तर कारखाना बाहेरून माणसं आणतो.

वैविध्याबद्दलही एक रकाना ठेवतोय. पोलाद, टायर आणि मोटारीचे सुटे भाग हे कागदावर तीन उद्योग आहेत, पण मंदीत तिघेही एकाच महिन्यात बसतात. म्हणून गेल्या मंदीत कोणता उद्योग किती घसरला ते समोर लिहायचं आणि सोबत घसरणारे एकत्र मोजायचे.

तिफण

तक्त्यात आणखी एक रकाना घाला: पाळी सुटण्याची वेळ आणि शेवटच्या बसची वेळ. दुसरी पाळी रात्री अकराला सुटत असेल आणि बस साडेनऊला बंद होत असेल, तर वर्तुळातल्या बायकांचा आकडा त्या पाळीसाठी शून्य धरा.